नववं कलम कुणी लिहिलं

दहिसर,
२८ डिसेंबर २०२५

ती. नलिनीआत्या हिस,
जान्हवीचा शि. सा. न. वि. वि.

फोन करू नकोस म्हणालीस, म्हणून पत्र. तुला कमी ऐकू येतं, मग तू ओरडून बोलतेस आणि सगळी वाडी आपलं बोलणं ऐकते, हे खरंच आहे. बाबा बरे आहेत. त्यांना गोड खाऊ देऊ नकोस असं तू कळवल्यापासून माझ्यावर रुसलेत.

आता मोठी बातमी. आपल्या मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाची घटना नव्याने लिहायची आहे. मसुदा समितीत सातजण. पैकी एकजण दुबईला, एकाचं गुडघ्याचं ऑपरेशन, दोघांचं आपसात भांडण, उरलेल्यांना वेळ नाही. शाळेत नागरिकशास्त्र शिकवते म्हणून सगळं माझ्या गळ्यात पडलं. बाबा म्हणाले, तोरा मिरवू नकोस, दिल्लीतही हेच झालं होतं. तिथेही सातच जण होते. एकाने राजीनामा दिला, एक वारले, एक अमेरिकेला गेले, कुणाची तब्येत धड नव्हती, आणि भार पडला बाबासाहेबांवर. मी म्हटलं, पण घटना मंजूर व्हायच्या आदल्या दिवशी तेच उभे राहून म्हणाले, की हे श्रेय माझ्या एकट्याचं नाही. पहिला कच्चा मसुदा करणाऱ्या रावांचं नाव त्यांनी घेतलं, मुख्य मसुदाकार मुखर्जींचंही घेतलं. मुलांना हे सांगताना मला दर वर्षी भरून येतं.

आणि आत्या, तू दिवाळीत रत्नप्रभाकाकूंबद्दल लिहिलं होतंस ना, ते माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून नववं कलम घातलं: ‘गावातल्या कोणत्याही घराचं पाणी, वाट, देऊळ आणि स्मशान कोणत्याही कारणाने बंद करता येणार नाही.’ मंडळाचे अध्यक्ष अंबादासकाका चारकोपहून मुद्दाम आले, चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि शांतपणे विचारलं, हे कुणी लिहिलं. मी म्हटलं, समितीने. त्यांनी चहा अर्धाच टाकला. मसुदा गावीही वाचायला पाठवलाय.

माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
जान्हवी

---

गावाहून,
५ जानेवारी २०२६

चि. जान्हवी हिस,
नलिनीआत्याचे अनेक उ. आ.

पत्र पोचलं. मोठी घटनाकार झालीस म्हणून साखर वाटणार होते, पण शेवट वाचला आणि डबा परत फळीवर ठेवला.

बाय, तू लांब आहेस. इथे काय चाललंय ते मी रोज बघते. रत्नप्रभाने शेताच्या बांधावरून गावकी चालवणाऱ्या गावकारांच्या पुतण्याची पोलिसात तक्रार केली, एवढाच तिचा गुन्हा. गावकी ‘वाळीत’ हा शब्द उच्चारत नाही, त्याविरुद्ध कायदा आहे. सहकार्य थांबवलंय, असं म्हणतात. तिचा नवरा गेला तेव्हा तिच्या सुयोगला तालुक्याहून टेम्पोत माणसं आणावी लागली, तेव्हा कुठे तिरडी उचलली गेली. शेजारच्या दारांना आतून कड्या होत्या.

परवा तिघेजण माझ्या पडवीत येऊन बसले. तब्येत विचारली, कोकम सरबत प्याले, आणि जाता जाता म्हणाले की मुंबईच्या पोरीला इथल्या गोष्टी बऱ्या कळतात. त्यांच्या पाठी दार लावलं आणि तिथेच खाली बसले. मी एकटी, विहीर सगळ्यांची. उद्या मी मेले तर मला उचलायला कोण येईल, हाच विचार मनातून जात नाही. तुला जे लिहायचं ते लिही, पण माझं नाव कुठे घेऊ नकोस. मी भित्री आहे, तशीच मला राहू दे.

संक्रांत झाली की देवळात बैठक आहे. त्यात तो मसुदा वाचणार आहेत.

भावाला, चंदूला, आशीर्वाद. आठवण ठेव, रागावू नकोस.

तुझी,
नलिनीआत्या

---

दहिसर,
१३ जानेवारी २०२६

ती. नलिनीआत्या हिस,
जान्हवीचा शि. सा. न. वि. वि.

काल अंबादासकाका पुन्हा आले होते. आवाज चढवला नाही, उलट माझ्या शाळेची चौकशी केली. निघताना चपला घालता घालता बाबांना एवढंच म्हणाले, ‘तुमची बहीण तिथे एकटी असते, चंद्रप्रकाश. विचार करा.’

बाबा जेवले नाहीत. मी आधी भांडले, मग रडले. मग लॅपटॉप उघडला आणि नववं कलम काढून टाकलं. दहावं होतं ते नववं केलं. आता वाचताना कुणाला कळणारही नाही की तिथे काही होतं. अस्पृश्यता नष्ट केली आहे, हे सतरावं कलम मी दर वर्षी फळ्यावर लिहिते. ज्यांनी ते लिहिलं त्यांना काय काय सोसावं लागलं असेल, आणि मला एका माणसाच्या चपला घालण्याची भीती वाटली. लाज वाटते गं. पण तुझ्या दाराला कुणी हात लावण्यापेक्षा ही लाज परवडली.

कलम काढल्याचं अजून कुणालाच सांगितलेलं नाही. बाबा म्हणतात, आत्ता सांगितलं तर आपण घाबरलो असं दिसेल. रविवारी चारकोपच्या सभेत नवी प्रत गुपचूप वाटून टाकायची, म्हणजे आपलीही अब्रू राहील आणि त्यांचीही. तोवर तू फक्त गप्प राहा. सभा झाली की मी तुला इकडे घेऊन येते, नाही म्हणू नकोस.

तुझा हात डोक्यावर असू दे.

तुझी,
जान्हवी

---

गावाहून,
१६ जानेवारी २०२६

चि. जान्हवी हिस,
नलिनीआत्याचे अनेक उ. आ.

तुझं पत्र अजून आलं नाही. वाट न बघता लिहिते आणि सुयोगच्या हाती धाडते, कारण हे दुसऱ्या कुणाकडून तुला कळायला नको.

काल देवळात मसुदा वाचला. नववं कलम आलं आणि गावकार थांबले. मला वाटलं, आता माझ्याकडे बघतील. पण त्यांनी रत्नप्रभाला बोलावणं धाडलं. गेल्या दीड वर्षात तिला देवळात पहिल्यांदाच बोलावलं, तेही पायरीपाशी उभं करायला. हे तूच मुंबईला कळवून लिहून घेतलंस, म्हणाले. माफी माग, नाहीतर सुयोगलाही गावात पाय ठेवू देणार नाही. ती नाही नाही म्हणत होती. खरं तेच सांगत होती बिचारी, आणि खरं काय ते त्या गर्दीत फक्त मला ठाऊक होतं.

मी खांबाला धरून उठले. उठताना तोल गेला, तशी बाजूची बाई मला धरायला सरसावली. मी म्हटलं, ‘ता मी लिवलंय. तिना नाय.’

ती बाजूची बाई लगेच सरकून बसली.

आज सकाळी दूध आलं नाही. विहिरीवर गेले तर बायका कळशा अर्ध्या भरून निघाल्या आणि जाताना रहाटाचा दोर सोडून घेऊन गेल्या. घरातलं पाणी उद्यापर्यंत पुरेल. मला फार भीती वाटते गं, खोटं कशाला सांगू.

पण मनाशी एक म्हणते. ही माणसं आज आहेत, उद्या नाहीत. कागदावर लिहिलेलं राहतं. तू ते लिहून ठेवलंस, म्हणून काल माझ्या तोंडून शब्द फुटला. नुसतं माझ्या मनात असतं, तर मी बसूनच राहिले असते. रविवारी चारकोपला मंडळाची सभा आहे असं देवळात कळलं. तिथे ते कलम तूच वाच, सावकाश आणि मोठ्याने, आणि विचारलं तर माझं नाव सांग.

तुमचा लोभ हवाच, आता जरा जास्तच हवा.

तुझी,
नलिनीआत्या