चंपीच्या पोटावरचा गोंद

१९ ऑगस्ट

कुत्रीच्या पोटावरचा गोंद कशाने काढतात? मला माहीत नाही. शिरपूरला बीएस्सी केलं, घरातली पहिली पदवीधर — आणि एवढं माहीत नाही.

चंपी शेजारच्या झुलाल आबांची. पिल्लं आठ दिवसांची. केस आणि सड एकत्र चिकटलेत. पिल्लं तोंड घालतात, दूध मिळत नाही, कुंईकुंई करतात.

गोंद माझा. फवारणी कमी व्हावी म्हणून मी आमच्या कपाशीत किडे चिकटवणारे पिवळे पुठ्ठे टांगले. त्यांना लावायचं ग्रीस वाळतं, म्हणून वर उंदरांसाठीचा गोंद चोपडला. माझीच अक्कल. एक पुठ्ठा वाऱ्याने पडला, चंपी त्यावर जाऊन बसली. कोणाला सांगितलं नाही.

२० ऑगस्ट

आई म्हणाली, "रॉकेल लाव, लगेच निंघी जाई."

नको. पिल्लं तेच चाटतील. शेंगदाण्याचं तेल घेतलं. बोटांनी मुरवलं, थांबले, पुन्हा चोळलं. जरा ओढलं की चंपी दात दाखवते. आबांकडे निंदायला येणाऱ्या लताबाईंनी तिचं डोकं मांडीवर धरलं.

"हळू, माय. बाळंतीण शे ती."

दोन सड मोकळे झाले.

आई — "बठ्ठं तेल कुत्रीलेच लाव आते, घरमा थेंब ठेवू नको." पण वाटी तिनेच पुन्हा भरून दिली.

२१ ऑगस्ट

उरलेल्या गाठी कातरीने काढल्या. कोमट पाण्याने तेल धुतलं. चारही पिल्लं प्यायली.

तेवढ्यात आबा आले. "हाई लताबाईनंच काम शे. शेतनी खोलीमा उंदिरसले गोंद तीच मांडस." उद्यापासून कामाला येऊ नको, असं लताबाईंना म्हणाले.

लताबाईंचे हात अजून तेलकट होते. "मी मांडेल नही, आबा." एवढंच बोलल्या.

मग आबा माझ्याकडे वळून — "पोर शिकेल शे, म्हनीसन जमनं."

मी तेलाची वाटी उचलून घरात आले.

२२ ऑगस्ट

खरं सांगितलं तर गावभर होईल. पुठ्ठ्यांच्या सापळ्यांना बाबा आधीच नाखुशीने हो म्हणाले होते. सापळे उद्याच काढायला लावतील, पुन्हा फवारणी सुरू. पण लताबाई आज घरी बसून आहेत.

२३ ऑगस्ट

सकाळी आबांच्या शेतात गेले. सगळ्या निंदणाऱ्या बायकांसमोर सांगितलं, गोंद माझा होता. मग आबांना घेऊन, लताबाईंना पुन्हा कामाला बोलवायला, त्यांच्या दारात जाऊन आले.