वाळूवरची साय

४ फेब्रुवारी
लेकीचा फोन! हातातली सुई टाकून धावलो. "बाबा, पंप कसा चाललाय? पाण्याला वास तर नाही ना?" म्हटलं, झकास. "बरं, ठेवते." झालं! पाण्याची चौकशी, बापाची नाही.

६ फेब्रुवारी
माझ्या शिलाई मशीनचं पायडल काढून तिनं विहिरीवर हा पंप बसवला. वीज नको, डिझेल नको. जन्मभर कपडे शिवले, आता त्याच पायांनी पाणी ओढतो. पाणी पडतं पिंपात — तळाला खडी, वर वाळू. वाळूवर हिरवट, बुळबुळीत थर धरलाय. ती त्याला साय म्हणते. "बाबा, पाणी शुद्ध करते ती हीच. हात लावायचा नाही!" सगळी गल्ली हेच पाणी पिते. इतकं चोख काम करून गेली की तिला बोलवायला निमित्तच उरलं नाही.

११ फेब्रुवारी
फार आठवण येते. बस.

१५ फेब्रुवारी
आक्कानं घात केला! थोरली बहीण माझी, स्वच्छतेचं भारी वेड. मी दाढी करत होतो तेवढ्यात वाळू घासून पांढरीशुभ्र! वर मलाच — "शी! शेवाळातलं पाणी पाजत होतास लोकांना?" कपाळावर हात मारला. पण खरं सांगतो, मनात उकळ्या फुटत होत्या. आता येणार पोर!

फोन लावला. मागे केवढा गलका! धरण फुटून पूर आलाय तिकडं, छावणीत पंप बसवतेय ती. "लवकर बोला बाबा, इथं लोकांना प्यायला थेंब नाही." तिला ये कसं म्हणणार? म्हटलं, सहज केला होता.

१६ फेब्रुवारी
पाणी दिसतं स्वच्छ, पण साय नाही म्हणजे भरवसा नाही. लेकीनंच शिकवलेलं — पारदर्शक बाटल्या भरून दिवसभर कडक उन्हात आडव्या ठेवायच्या, मग प्यायचं. गच्चीभर बाटल्या! शेजारीण म्हणते, "टेलरमास्तर, पाण्याचं दुकान काढलंत का?" आक्का मुकाट्यानं राखण करतेय.

८ मार्च
साय धरली! दवाखान्यातल्या नर्सबाईंनी पाणी तपासून आणलं — पास!!

९ मार्च
लेकीचा फोन आला. राहवलं नाही, सगळं सांगून टाकलं. म्हटलं, बघ, तुला त्रास न देता निभावलं! वाटलं, शाबासकी देईल. तर रडवेल्या आवाजात, "मला का नाही हो बोलावलंत? बिघडलंय म्हटलं असतंत तर साहेबांनी मला दोन दिवस घरी सोडलं असतं. दर फोनला पंपाचं मी त्यासाठीच तर विचारत होते, बाबा."