साहेबांच्या बुटांवरचे हात

हैदराबाद, जानेवारी १९९२

तीर्थरूप आबास, उमाजीचा लांबूनच दंडवत.

हे पत्र बहिणीकडून, मनकर्णाकडूनच वाचून घ्या, पारावर न्हाई. गाडीत बसायला जागा भेटली का? लंगडी मेंढी आता चरायलीय का? मी बरा हाय. मायनं धाडलेल्या दशम्या अजून पुरवून खायलोय.

परवा तुमी आमच्या प्रयोगशाळेत आलात तवा तुमाला आमचा कॅमेरा दाखवला, पर नीट सांगितलंच न्हाई. त्यातल्या बारक्या चिपला उजेड न्हाई, ऊब दिसती. तिला आधी बर्फाहून गार करावं लागतं, तवा कुठं तिला माणसाची ऊब कळती. लय चपळ हाय, पापणी लवायच्या आत कितीतरी चित्रं घेती.

तुमी आमच्या साहेबांच्या पाया पडलात, माझ्या पोराला सांभाळा म्हणालात. तुमी हात उचलले, तरी पडद्यावर त्यांच्या गार बुटांवर तुमच्या पंजांचे ठसे पांढरेशुभ्र दिसत ऱ्हायले. बोटं सुदिक. मग हळूहळू विझले. साहेबांनी तेच चित्र पुन्यांदा लावलं आन् माझ्यासंगं काम करनारे सगळे हसले.

तुमाला वाटलं, मशीन चांगली चालली म्हणून हसायलेत. तुमीबी हसलात. मीबी हसलो, आबा.

तुमी निघालात तवा ती मंडळी खिडकीत उभी होती. म्हणून मी वाकलो न्हाई, नुसता हात हलवला. तो कॅमेरा तुमच्या वहाणांवर धरला असता, तर तिथं माझ्या बोटाचा एकबी ठसा दिसला नसता.

मायला सांगा, उमाजी खुशाल हाय.

तुमच्या पाया पडायचा ऱ्हायलेला,
उमाजी