देवीच्या नावाचा कोंबडा

२ फेब्रुवारी, बदलापूर
श्री गावदेवी प्रसन्न.
आज आले: कोंबड्या चार, चौदाशे. तांबडा कोंबडा एक, साडेतीनशे. मोठी वेताची टोपली, दोनशे. जुन्या घरून, कॅम्प तीनपासून टेम्पो, बाराशे. कोंबड्या सामानावरच बसवल्या, वेगळं भाडं पडलं नाही.

स्वतःचं घर झालं तर कोंबडा देईन, असं देवीला बोलले होते. घर झालं. अंगण आहे, तुळशीला ऊन आहे. जत्रा चैत्रात, पण तेव्हा भाव दुप्पट, म्हणून आताच घेतला. विकणारा घाईत होता, बोलले त्या भावाला दिला. डोक्यावर कुंकू लावून देवीच्या नावाने सोडला. आता जत्रेपर्यंत त्याला सुरी लागायची नाही. उन्नती, माझी सहा वर्षांची, त्याला मांडीवर घेऊन बसली. आमचे हे म्हणाले, तोवर आपण ह्याला खाऊ घालणार, की हाच आपल्याला खाणार.

९ फेब्रुवारी
शेजारच्या कौसाबाईंच्या सात कोंबड्या मेल्या. तुरे निळे, माना मुरगळलेल्या. रिक्षावर कर्णा लावून सांगत होते, बर्ड फ्लू आहे, मेलेल्या पाखराला हात लावू नका, कळवा, अंडी नीट उकडून खा. मी सगळं पाळते. तोंडाला फडकं, साबणाने हात, उन्नतीला अंगण बंद.

११ फेब्रुवारी
पांढऱ्या पोशाखातली माणसं आली. माना पिरगळून कोंबड्या गोणीत टाकल्या. बांधल्यावरही एक गोणी हलत होती. मग खड्डा, वर चुना. माझ्या चारही दिल्या. तांबडा माळ्यावर टोपलीखाली लपवला आणि एवढ्याच होत्या म्हणाले. देवीचा तो, सरकारला कसा देऊ?
कौसाबाईंनी ओळखलं. म्हणाल्या, गो बाय, आजारी कोंबरा देवीला चालंल का? घरात पोर हाय तुझे. मी म्हटलं, देवी राखेल.

१४ फेब्रुवारी
कोंबडा पाणी पीत नाही. मान उलटी, पाठीकडे वळली आहे. तरी आरवतो. उन्नती चोरून वर गेली होती, त्याला कुशीत घेऊन बसलेली. मारलं तिला. मग तीन वेळा हात धुतले तिचे.

१५ फेब्रुवारी
दुपारी थंड पडलेला. चोचीतून रक्त. कळवायला हवं, पण लपवला होता हे कोणत्या तोंडाने सांगू. हातात पिशव्या घालून उचलायला गेले तर आरवला.
हे कोयता घेऊन चढले. नवस राहू दे म्हणाले. एका घावात मुंडकं तुटलं. धड उसळून ह्यांच्या तोंडावर. नख्या डाव्या डोळ्यात, बाहेर काढेपर्यंत डोळा गालावर. भिंतीवर रक्त, खाली देव्हाऱ्यावर रक्त. मुंडकं कोपऱ्यात पडून आरवतच—

१६ फेब्रुवारी
ह्यांना आणि उन्नतीला, दोघांनाही ताप. दवाखान्यात चला म्हटलं तर ह्यांनी आतून कुलूप घातलं, माझा फोन कोयत्याने फोडला. कोंबडा सुटेल म्हणतात. कौसाबाई दारात आल्या होत्या, ह्यांनी आतूनच सगळं ठीक आहे सांगून परत पाठवलं. मी ओरडले तर कोयता माझ्या गळ्यावर—

१७ फेब्रुवारी
उन्नती ताटातला भात तोंडाने टिपते. हात वापरत नाही. मान—
हे तिच्याकडे एका डोळ्याने बघतात. म्हणतात, हा बघ, अजून जिवंत आहे.
धार लावतायत.

तीच दुपार
स्वयंपाकघरात आहोत, कडी लावली. उन्नती टोपलीखाली शिरली. हे दार तोडतायत.
समर्थदादा, तुझ्या बहिणीचं हे पान, तुझ्या अंबरनाथच्या पत्त्यासकट खिडकीतून कौसाबाईंच्या अंगणात टाकते, त्या टपालात टाकतील. टोपलीतून आई आई हाक येते, आवाज तिचाच. हात घातला तर पिसं लागतात. नवसाचा कोंबडा जत्रेआधी कापला तर देवी कोणाला धरते, भगताला विचार. फळीतून कोयता आत आला. माझं पोर आहे ना रे खाली. टोपलीवर आडवी पडू, की दार उघडू, उलट टपाली कळव, दादा, ती आरव—