पौषातला आंबा

माकणी,
जत्रेचा दुसरा दिवस

प्रिय शिवानंद,

फोनवर तू मला पुरतं बोलू दिलं नाहीस, म्हणून लिहिते आहे. शंभूचा लहानपणीचा दमा उलटलाय, त्याच्या हातातलं खड्ग काढून गौरीशंकरच्या घरी द्या, माझ्या मुलाच्या जिवापुढं रिवाज मोठा नाही, एवढं बोलून तू दुबईहून फोन ठेवलास आणि नंतर उचलला नाहीस. पत्र असं ठेवता येत नाही. येत असलं तरी तू ठेवणार नाहीस, कारण आधीच सांगून टाकते: काल तुझ्या मुलानं गाव जिंकलं.

आता पहिल्यापासून ऐक. डिप्लोमाचा एक विषय राहिला म्हणून शंभू दिवाळीनंतर पुण्याहून माझ्याकडं राहायला आला. वीरप्पाकाकांचे गुडघे गेले, तेव्हा यंदाचं वडप त्याच्याकडं आलं. वीरभद्राच्या जत्रेत गुग्गुळाच्या पेटत्या घागरींपुढं खड्ग धरून देवाची कथा कानडीत गर्जून सांगायची, हे तुला मी शिकवायला नको. पण आपल्या घराचा रिवाज तू विसरल्यासारखा बोललास, म्हणून लिहिते. शेवटाला वाजंत्री थांबते आणि दक्षाच्या यज्ञाचा विध्वंस एका श्वासात म्हणायचा. श्वास तुटला, तर खड्ग पुढच्या घराला, म्हणजे आता गौरीशंकरच्या. आपल्या आप्पांचा कधी तुटला नाही, काकांचाही नाही. तू नोकरीला गेलास, तुझी पाळी आलीच नाही.

काकांनी गोठ्याशेजारच्या खोलीत सराव सुरू केला. रोज गुग्गुळ जाळून, कारण जत्रेत धूर असतोच. शंभूचा आवाज आप्पांसारखा. पण निम्म्यावर आला की खोकल्याची उबळ यायची, ओठ पांढरे पडायचे. एकोणीस वर्षांचा पोरगा भिंतीला हात टेकून उभा राहायचा. काका म्हणायचे, "पोराला धूर सोसंना. आता देवाचाच धूर, त्याला काय करावं?" गुग्गुळाचा दोष, असं सगळ्या घरानं ठरवून टाकलं. तुझा तो फोन याच दिवसांतला. गौरीशंकर तर दारात येऊन विचारून गेला, की आक्का, खड्ग ठेवायला आमच्यात खुंटी ठोकून ठेवू का. मी म्हटलं, ठोक, टोपी अडकवायला होईल.

मी बी.एस्सी. केलंय, रसायनशास्त्र घेऊन. एकदा दोष धुरावर घातला की धूर काढून बघायचा असतो. मी शंभूला धरणाच्या बांधावर नेलं. मोकळी हवा, खाली तेरणेचं पाणी, गुग्गुळाचा मागमूस नाही. उबळ तिथंही आली, त्याच ओळीवर. आणि तो खोकत माझ्याजवळ आला, तेव्हा त्याच्या तोंडाला पिकल्या आंब्याचा वास आला. पौषात! झाडांना अजून मोहोरही नव्हता, शिवानंद. इतके दिवस गुग्गुळानं आमची नाकं झाकून ठेवली होती.

मी हात पुढं केला. त्यानं खिशातून एक चपटी निळी नळी काढून दिली. ती मी ओळखली. काका ती रोज कौतुकानं चार्जिंगला लावून देत होते, पोराची बॅटरी आहे म्हणून. उजेड लई कमी पडतो, अशी तक्रारही करत होते. कुणी दिली म्हणून विचारलं, तर तो म्हणाला, "नाव विचारू नकोस आत्या. बाकी सगळं विचार." मी पुण्यातल्या मित्रांना मनातल्या मनात शिव्या घातल्या आणि बाकी सगळं विचारलं.

दुसऱ्या दिवशी त्याला सोलापूरला छातीच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. त्यांनी यंत्रात फुंकायला लावून तपासलं, छातीचा फोटो काढला. दमा नाही म्हणाल्या. श्वासनळ्या सुजल्यात, आणि हे वाफेचं खेळणं, ई-सिगारेट म्हणतात ते, थांबवलं नाही तर पुढचं सांगता येत नाही. त्यात निकोटिन असतं, म्हणजे तंबाखूचं तेच व्यसन, आणि या वयात ते लवकर जडतं, कारण पंचविशीपर्यंत मेंदू घडतच असतो. वासाची रसायनं खायला चालतात म्हणून छातीत ओढायला चालत नाहीत. तापल्या तारेचे धातूचे कण आत जातात ते वेगळेच. सरकारनं आपल्याकडं या वस्तूची विक्री बंद केली आहे ती उगीच नाही. शंभू खाली मान घालून म्हणाला, मला वाटलं नुसती वाफ असते. वाफ इडलीपात्रातून येते, असं मी त्याला तिथंच सांगितलं.

नंतरचे दिवस सोपे गेले नाहीत. डोकं दुखायचं, झोप यायची नाही, काकांवर ओरडायचा, ताट सरकवायचा. मी सरकवलेलं ताट पुन्हा पुढं ठेवायची. एका सकाळी पिशवी भरून लातूरच्या गाडीत बसून गेला. दुपारी परत दारात. औशाला उतरून आला होता. मी काही विचारायच्या आत काकांना म्हणाला, गाडीत वडप म्हणत होतो, एका ओळीला अडलो, ती सांगा. काकांनी सांगितली. त्या दिवशी पहिल्यांदा तो उबळीची जागा ओलांडून गेला. मग रोज पहाटे बांधावरून पळणं, पळून आल्यावर वडप. माघ गेला, फाल्गुन गेला.

काल घागरी पेटल्या. धूर असा, की देऊळ दिसेना. गौरीशंकर पुढंच उभा होता, नवा फेटा बांधून. वाजंत्री थांबली. शंभूनं खड्ग उचललं, छाती भरली आणि सुरू केलं. मीही त्याच्याबरोबर श्वास धरला. उबळीची जागा आली, गेली. यज्ञ मोडला, दक्ष पडला. माझा श्वास कधीच सुटला होता, त्याचा चालूच. शेवटचा शब्द त्यानं उरलेल्या दमानं असा फेकला, की वाजंत्रीवाले हात उचलायचे विसरले. काका गुडघ्यांसकट उठून उभे राहिले. आणि गौरीशंकरनं फेटा काढून शंभूच्या डोक्यावर ठेवला. म्हणाला, "खुंटी उपटून टाकतो, आक्का."

नंतर देवळाच्या पायरीवर शंभूनं मला ते नाव सांगितलं. मी विचारलं नव्हतं. दिवाळीला तू आणलेल्या बॅगेतून त्या नळ्या निघाल्या. सिगारेटच्या नादी लागण्यापेक्षा हे बरं, वाफच आहे, असं सांगून त्याच्या हातात तूच दिल्यास. तूही तेच ओढतोस. तुझी सिगारेट सुटली असं तू सगळ्यांना सांगतोस. सुटली नाही बाबा, चार्जिंगला लागली. मी रागावून लिहीत नाही. त्या दिवशी तू रागानं फोन ठेवलास असं मी धरून चालले होते. काल त्याचं वडप ऐकल्यावर तुझा आवाज आठवला. चार शब्द, श्वास, पुन्हा चार शब्द. तू रागानं फोन ठेवला नाहीस, तुला बोलायला श्वास पुरला नाही. आप्पांचा मुलगा तू. पुढच्या जत्रेला ये, शंभू तुला बांधावर नेईल. तो माझ्यापेक्षा कडक आहे.

तुझीच,
महेश्वरीआक्का

ता. क. पायरीवर काकांच्या समक्ष झालेली देवघेव अशी:
शंभूनं माझ्या हाती दिलं: माळ्यावर लपवलेली दुसरी नळी, आणि आंब्याच्या वासाची बाटली, बूच न उघडलेली.
मी शंभूच्या हाती दिलं: खड्ग, पुढच्या वर्षासाठी.
शिवानंदकडून यायची राहिली: एक, त्याच्या खिशातली.