देवगावच्या वीस खेपा

आबा, काल आपल्या टेम्पोचं इंजिन उघडलं. तुमच्यासमोर बांधलं होतं, त्याला आता अठरा वर्षं झाली, आणि तुम्हाला जाऊन अकरा. मुकुंदवाडी स्टेशनामागचं ते गॅरेज अजून तिथंच आहे, फक्त मिस्त्री आता खुर्चीत बसून हुकूम सोडतात आणि हात दुसऱ्यांचे चालतात. इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, उतरल्यावर त्यांनी बॅटरी मारून आत पाहिलं आणि मला जवळ बोलावलं. ‘‘देखो मियाँ, अब्बी तक लकीरां दिख रई.’’ पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या लायनरच्या आतल्या भिंतीवर तेल धरून राहावं म्हणून मुद्दाम पाडतात त्या तिरक्या रेघा, इतक्या वर्षांनीही पुसल्या नव्हत्या. इंजिन कोवळं असताना नीट चाललं, तरच असं होतं. मिस्त्री माझी पाठ थोपटत होते. मला मात्र खाली बघावंसं वाटलं, आणि ते का, हे तुम्हालाच सांगायचं आहे.

पहिलं इंजिन मी मारलं होतं, हे तुम्ही कधी तोंडावर म्हणाला नाहीत. औट्रम घाटात गरमीचा काटा लालवर गेला तरी मी गाडी दामटली आणि वरच्या वळणावर ती कायमची बसली. तुमची मेंढरं तोवर काकाकडे गेली होती, तुमचे गुडघे रानात चालायला नाही म्हणत होते, आणि घरात जे काही शिजत होतं ते त्या एका गाडीवर. दुसऱ्यांदा असं झालं असतं तर गाडी अंगणात उभी राहिली असती आणि मी कुणाच्यातरी गाडीवर ड्रायव्हर. नवं इंजिन आपल्या आवाक्यात नव्हतं. म्हणून मिस्त्रीनं जुळवाजुळव केली: ब्लॉक आपलाच, पिस्टन, रिंगा, लायनर तेवढे नवे, क्रँक लेथवर घासून घेतलेला, आणि हेड एका उलटलेल्या गाडीचं, आपल्यापेक्षा पुढच्या मॉडेलचं, मोठ्या व्हॉल्व्हचं. डिझेलचा पंप थोडासा वाढवायचा. रुपयाला दोन आणे ताकद वाढेल, त्याहून जास्त मागू नको, असं ते बजावत होते. मला इंजिनात हवा कोंबून ताकद वाढवणारा टर्बो हवा होता. भंगारातून एक आणलाही होता मी, मोठ्या ऐटीत. मिस्त्रीनं तो हातात फिरवून परत माझ्या हातात दिला. ‘‘इसका दिल छोटा है. इत्ती बडी पगडी कायकू बांधता?’’ तुम्ही बिडी विझवून इतके हसलात की मला तुमचा रागच आला.

तुम्ही पोत्यावर मांडी घालून बसला आहात, समोर रॉकेलची परात, आणि एकेक नट, एकेक बोल्ट ब्रशनं धुताय, असं अजून दिसतं. आठ व्हॉल्व्ह मिस्त्रीनं एकेक आपापल्या जागेवर घासून बसवले होते आणि ओळीनं फळीवर मांडले होते. ज्याची जागा त्यालाच, अदलाबदल झाली तर पुन्हा सगळी घासाई. ती फळी उचलून ठेवताना माझा पाय पान्ह्यावर पडला आणि आठच्या आठ व्हॉल्व्ह फरशीवर घरंगळले. मिस्त्री कपाळाला हात लावून बाहेर चहाला गेले. तुम्ही मला म्हणालात, ‘‘सरक तिकडं. धसमुसळ्या.’’ मग एकेक उचलून उजेडाकडं धरत बसलात. ‘‘ही पहिल्या घरची. हिच्या मानेला काळा डाग हाय. ही तिच्या बाजूची, जरा रोड हाय.’’ मला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. दोनशे मेंढरांत परक्याचं एक घुसलं तर चेहऱ्यावरून काढणारा माणूस, धुताना आठ व्हॉल्व्हचे चेहरे पाठ करून बसला होता. मिस्त्री आले, त्यांनी तुमच्या ओळीप्रमाणे व्हॉल्व्ह बसवले, हेड उलटं करून डिझेल ओतलं आणि आपण तिघं वाट बघत बसलो. एक थेंब खाली झिरपला नाही, म्हणजे आठही आपापल्या जागी. त्या दिवसापासून ते तुम्हाला उस्ताद म्हणायला लागले.

इंजिन सुरू झालं तेव्हा मिस्त्रीनं अट घातली: पहिले दोन हजार किलोमीटर चाळीसच्या वर जायचं नाही, अर्ध्यापेक्षा जास्त माल भरायचा नाही. माझ्यावर भरवसा कुणाचाच नव्हता, तुमचा तर नव्हताच. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही घोंगडी काखेत मारून डावीकडच्या सीटवर चढून बसलात. तिथून पुढं देवगाव रंगारीची एकही खेप तुमच्याशिवाय झाली नाही. जाताना अर्धी गाडी खत, येताना अर्धी गाडी मका. काटा चाळीसला टेकला की तुम्हाला आवाजावरूनच कळायचं. ‘‘कामून पळवायलास? ओली बाळंतीण हाय ती.’’ मागून येणारे हॉर्न मारून शिव्या देत पुढं जायचे. एकदा मी वैतागून म्हणालो, ‘‘आबा, तो सायकलवाला बी गेला पुढं.’’ तुम्ही त्याच्याकडं निवांत बघत म्हणालात, ‘‘जाऊ दे. त्याला काय इंजिन हाय व्हय.’’ खेपेवरून आलो की उतरण्याआधी तुम्ही खिशातला गेरूचा खडा थुंकीनं ओला करायचात आणि सीटमागच्या फळीवर अंगठ्यानं एक टिपका काढायचात. मेंढरांना खूण करायचा तो गेरू. मी समजलो, दृष्ट लागू नये म्हणून असेल. विचारलं नाही.

मग केळीचा तो व्यापारी भेटला. चाळीसगावकडून केळी आणायची, तोच औट्रम घाट चढून, आठवड्याला तीन खेपा, कायमचं काम, पण सोमवारपासून ये, नाहीतर दुसरा तयार आहे. मीटरवर चौदाशे झाले होते. तुम्हाला आकडे वाचता येत नव्हते. शनिवारी गॅरेजसमोर गाडी लावली आणि मी म्हणालो, ‘‘आबा, झाले दोन हजार.’’ तुम्ही मीटरकडं पाहिलं, मग माझ्याकडं. ‘‘झाले?’’ ‘‘झाले की.’’ तुम्ही टिपका काढलात, घोंगडी उचलली, उतरून बॉनेटवर हात ठेवलात. ‘‘बरं. आता तुझं तू बघ. चढाला लई घाई करू नको.’’ एवढंच बोललात, आणि दुखऱ्या गुडघ्यांनी पायी घरी निघालात. मी हाकही मारली नाही.

सोमवारी रिकाम्या सीटकडं बघत मी घाट उतरलो आणि माझा सगळा जोर तिथंच संपला. ज्या कामासाठी तुमच्याशी खोटं बोललो, ते पुरं करायची छाती होईना. स्प्रिंगचे पाटे कच्चे आहेत अशी थाप मारून अर्धीच गाडी भरून घेतली. घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढलो, वळणावर थांबून इंजिनाला दम खाऊ दिला. बाजारात पोचेतो लिलाव सुरू होऊन गेला होता. व्यापारी म्हणाला, ‘‘चालत आला असतास तर लवकर पोचला असतास.’’ पण ताडपत्री काढली तेव्हा एका घडाला डाग नव्हता, म्हणून त्यानं मला ठेवलं. पुढं सात-आठ वर्षं आपलं घर त्या केळीवर चाललं. बहिणीचं लग्न, तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन, माझ्या पोरांची शाळा. तुम्ही शेजारी असताना मी तुमच्या धाकानं हळू चालवत होतो. तुम्ही उतरल्यावर लाजेनं चालवली, आणि लाज तुमच्याहून कडक निघाली.

हे सगळं मी काल मिस्त्रींना सांगून टाकलं. त्या रेघांचं कौतुक गिळवेना. ते ऐकून घेत राहिले, मग म्हणाले, ‘‘तुम्हारे अब्बा तो पहलेच दिन मेरेकू पूछे थे, दो हजार बोले तो देवगांव के कित्ते चक्कर? मैं बोला, बीस.’’

मी केबिनमध्ये चढलो, सीट पुढं ओढली. फळीवर धुळीखाली तुमच्या अंगठ्याचे टिपके होते. मोजले. चौदा. तुम्हाला माहीत होतं, आबा. मीटर वाचता येत नव्हतं, तरी तुम्हाला त्याच शनिवारी माहीत होतं, आणि तरी तुम्ही बरं म्हणून उतरलात. एकदा इंजिन मारलेल्या पोराच्या हातात ते परत दिलंत. मी फळीला कपाळ टेकवून बराच वेळ रडलो. खाली मिस्त्री कुणावर तरी उगाच ओरडत होते, माझं रडणं कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून असेल.

हे पत्र तुम्हाला पोचायचं नाही, आणि पोचलं तरी वाचून कोण दाखवणार. वहीतच राहील. गॅरेजमध्ये लाल प्रायमरचा डबा उघडा होता. चाळीसगावची एक खेप म्हणजे देवगावच्या दोन. अशा तीन खेपा मी तुमच्या मागं हळू केल्या, म्हणजे सहा टिपके, आणि तुमचे वीस पुरे होत होते. अंगठा बुडवून मी पाच काढले. तिसऱ्या खेपेला घाट चढून कन्नड मागं पडल्यावर रस्ता मोकळा होता, आबा, आणि घरापर्यंत मी ती साठनं पळवली.