सहाव्या दिवशी काढलेला कागद

मुरबाड
ता. ३ जून २०२५

ती. आजीस अक्षदाचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

मामाच्या टेम्पोवाल्याने सुलतानला पेटीसकट शेणव्याला तुझ्या ओट्यावर उतरवलं, हे कळलं. फोनची घंटासुद्धा तुला ऐकू येत नाही, म्हणून सगळं लिहून पाठवते. बाबांच्या धरणावरच्या नोकरीचं भातसानगरचं क्वार्टर सोडल्यापासून आई आणि मी मामाच्या एका खोलीत आहोत. मामी माझ्या या दाढीवाल्या परदेशी सरड्याला उंबऱ्याच्या आत घेऊ देत नाही. शहापुरात भाड्याची खोली मिळाली की मी त्याला घेऊन जाईन. फेब्रुवारीत बाबा गेले, त्याच्या आदल्याच महिन्यात त्यांनी तो मला आणून दिला होता. त्यांनी दिलेलं एवढंच जिवंत माझ्याकडे उरलंय.

अडचण एकच आहे. पेटीच्या तळाला दुकानदाराने दिलेली वाळू होती. किडा पकडताना ती त्याच्या तोंडात जायची, म्हणून काढून टाकली. आता नुसत्या काचेवर तो घसरतो. व्हिडिओत एक जण नारळाचा भुसा सांगतो, दुसरा अक्रोडाची टरफलं, तिसरा पुन्हा वाळूच. जो जे विकतो तो ते सांगतो. तू एवढी वर्षं पोल्ट्रीत पिल्लं वाढवलीस. खाली काय घालायचं ते तूच कळव.

लोभ आहे, तो असाच राहू दे.

तुझी
अक्षदा


शेणवा
ता. ८ जून

चि. अक्षदास आजीचा आशीर्वाद.

तुझा सुलतान खुशाल आहे. दाढी आहे, मिशी नाय. मला बघून गळा फुगवला नि काळा केला, तेव्हा मला तुझा मामा आठवला. मी तिसरी शिकलेली, अक्षरं वाकडी आहेत, चालवून घे.

खाली काय घालायचं ते ऐक. पोल्ट्रीत एक दिवसाची पिल्लं येतात तेव्हा शेडमध्ये भाताचा तूस पसरलेला असतो. पण आमी त्यांना तुसावर सोडत नाय. दाणा कुठला नि तूस कुठला ते त्यांना कळत नाय. तूस खातात, पोटात गोळा होतो, मरतात. म्हणून तुसावर वर्तमानपत्र अंथरायचं नि दाणा त्याच्यावर टाकायचा. बावीस वर्षं मी हेच केलं. तुझ्या सरड्यालाही आज तेच केलं. शेजारच्या रखमीकडून रद्दी आणली. कागदावर त्याची नखं बसतात, घसरत नाय. एका पुढाऱ्याच्या फोटोवर बसून आरामात बल्बचा शेक घेतो.

शेवग्याचा पाला नि भोपळ्याचा कीस देते. टोळ पण देते. ते बांधावर वाकून मी पकडते, हे तुझ्या मामीला मुद्दाम सांग.

माया आहे, ती काय रोज लिहायची गोष्ट नाय.

आजी


मुरबाड
ता. १४ जून

ती. आजीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र आईला मोठ्याने वाचून दाखवलं. मामाच्या गळ्याचं वाचलं तेव्हा ती हसली. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा. मामाने मात्र जेवताना मान वर केली नाही.

कल्याणला सरडे-पोपट बघणारे एक डॉक्टर आहेत, त्यांना विचारलं. ते म्हणाले, कागदच बरोबर आहे, आजींना माझा नमस्कार सांगा. म्हणजे सगळ्या व्हिडिओवाल्यांपेक्षा तू शहाणी निघालीस. शहापुरात स्टँडच्या मागे खोली बघितली आहे, पाच जुलैला मिळेल. तिथे त्याच्या पेटीत फरशीचे तुकडे घालीन, खरखरीत बाजू वर करून. परीक्षा सुरू झाली आहे, म्हणून थोडक्यात आवरते.

लोभ वाढला तरी मला चालेल.

तुझी
अक्षदा


शेणवा
ता. २० जून

चि. अक्षदास आशीर्वाद.

डॉक्टरचा नमस्कार पोचला. त्याला म्हणावं, नमस्कार ठेव, फी कमी घे.

इकडे पेरणी आटोपली. सुलतानचा कागद मी चौदा तारखेला काढला. सहावा दिवस होता. शेडमध्येही सहाव्या दिवशीच काढतात, तोवर पिल्लू दाणा ओळखायला शिकतं. आता खाली दोन बोटं तूस घातलाय, आपल्याच भाताचा, उन्हात वाळवलेला. त्यात पोट रुतवून पडून असतो. परवापासून जरा मंद आहे, टोळाकडे नुसता बघतो. हवा ढगाळ आहे, त्याने असेल. पेपर नीट लिही. तुझ्या बापासारखी घाईत उठू नको.

माया आहे तिथेच आहे.

आजी


मुरबाड
ता. २५ जून

ती. आजीस नमस्कार.

तुझं पत्र आत्ता मिळालं. तूस लगेच काढ, एक कणही ठेवू नकोस. सुलतान पिल्लू नाही, आजी. तो जिभेला चिकटेल ते गिळतो, जन्मभर तसंच करतो, ओळखायला शिकत नाही. त्याला कोमट पाण्यात पोटापर्यंत बसव आणि पोट हलक्या हाताने चोळ. रखमीकाकूंचा फोन लागत नाही, म्हणून हे पत्र एस.टी.च्या कंडक्टरजवळ देते. शुक्रवारी शेवटचा पेपर आहे. शनिवारी पहिल्या गाडीने येऊन त्याला कल्याणला नेते. तोवर त्याला जगव.

अक्षदा


शेणवा
ता. २६ जून

चि. अक्षदास आशीर्वाद.

हे पाकीट एस.टी.च्या कंडक्टरजवळच देते, त्यावर तुझ्या आईचं नाव घातलंय. पेपर झाल्याशिवाय तिने हे तुला देऊ नये, असंही वर लिहिलंय.

सुलतान सोमवारी सकाळी मेला. तुझं पत्र काल आलं. रविवारी तो मागचे पाय ओढत चालत होता. गुरांचा डॉक्टर गावात आला होता, त्याला दाखवला. तो म्हणाला, मी गाय-बैल बघतो, याचं मला काय कळत नाय. रात्रभर बल्ब लावून मी पेटीजवळ बसले.

पोल्ट्रीत पिल्लू मेलं की फाडून बघायची आमची रीत आहे, कशाने मेलं ते कळायला. मी ब्लेडने त्याचं पोट फाडलं. आत तूस होता. दाबून भरावा तसा, लिंबाएवढा गोळा. ढगाळ हवेने मेला नाय. मी मारला. कागद होता तोवर तो बरा होता, तो काढला मी. मला कुणी सांगितलं नव्हतं नि मी कुणाला विचारलं नाय, कारण मला सगळं येतं असं मला वाटत होतं. तू काय लिहायचं राहिलं ते शोधत बसू नको. तुझी चूक मला त्यात दिसत नाय.

रखमी म्हणाली, मुंगसाने नेला असं लिही, पोरीला कमी लागेल. तीन दिवस मी तेच लिहावं का, याचा विचार केला. मग वाटलं, तू येशील नि परड्यात, बांधावर त्याला हाका मारत फिरशील. ते मला बघवलं नसतं. आवळ्याखाली पुरलाय. पोट शिवून पुरला.

तो बापाने दिलेला होता हे तू मला सांगू नको. तुझा बाप माझा पोरगा होता.

माया ठेव नाय तर नको ठेवू, तुझ्या हातात आहे.

आजी


शहापूर
ता. १२ जुलै

ती. आजीस,

शुक्रवारी पेपर देऊन आले, तेव्हा आईने पाकीट दिलं. शनिवारी आले नाही, कारण तुझं तोंड बघवलं नसतं.

खोली मिळाली. फरशीचे पाच तुकडे मी आधीच आणून ठेवले होते. आईने ते न्हाणीत बसवले.

आई म्हणते, म्हातारी आहे, माफ केलं असं दोन ओळींत लिहून टाक. तू मुंगसाचं लिहिलं नाहीस, म्हणून मीही तसं लिहीत नाही. माफ केलेलं नाही. पुढे होईल का, ते माहीत नाही. दिवाळीला यायचं अजून ठरवलेलं नाही.

अक्षदा


शेणवा
ता. १९ जुलै

चि. अक्षदास आशीर्वाद.

कागद मिळाला. बरं वाटलं नाय, पण दोनदा वाचला.

दिवाळीच्या आठवड्यात भात कापायला येईल. तुझा बाप, माझा भगीरथ, दरवर्षी धरणावरून रजा टाकून यायचा. यंदा मी एकटी आहे. तुला यायचं तर ये. बोलली नाय तरी चालेल. कापताना खाली बघायचं असतं, कुणाचं तोंड बघावं लागत नाय. विळे दोन आहेत. दोन्हींना धार लावून ठेवते.

आजी